मधला शब्द

— गेली, म्हनलं ना जी. मंगली गेली. आता कोनाले नेता तुमी बंबईले? टोपी कायले काढली, राहू द्या डोक्यावर, ऊन आहे. त्रेपन सालचा तुमच्या कंपनीचा तो शिनेमा, चार वर्सं झाले त्याले — मानूस काई तुमची वाट पाहत तसाच बसून राह्यते का? तुमच्या गोऱ्या साहेबाले लिहा, मुखरू चौकीदाराची पोट्टी गेली, दुसऱ्या शिनेमासाठी दुसरी पाहा म्हना. चहा घ्या. बकरीच्या दुधाचा आहे, थोडा वास मारन. अन् ते रेंजर साहेबाची चिठ्ठी ठेवून द्या खिशात. मले वाचता येत नाई, पन शिक्का वळखू येते. काय लिहलं असन तेबी समजते — मुखरूनं पोरगी हजर करावी. या रेस्ट हाउसची किल्ली माह्या कमरेले म्हून लोकं मले मालक समजते. मी कुलपाच्या आतलाच मानूस. राज्य आपलं झालं तरी चिठ्ठी आली का उभं राह्याचं. तवाबी अशीच चिठ्ठी होती.

तो गोरा साहेब आठ दिवस याच खोलीत राह्यला. मानूस वाईट नव्हता, खोटं कायले बोलू. सारखा हासे, पोट्टीले लेमनच्या गोळ्या दे. सहा वर्सांची असन तवा ती. आंगावर झगा होता, मायनं शिवलेला, फुलाफुलाचा — तो काढाले लावला. जंगलातलं लेकरू झगा घालत नाई म्हने. आता चौकीदाराचं लेकरू घालते त्याले मी काय करू? काढला. मंग सात दिवस मोठी मजा, तीन पायाची पेटी घेऊन सारे तिच्या मांगं मांगं. टेंभरं खाऊन तोंड चिकट करून घेतलं, त्याचं चित्र काढलं. म्हशीच्या पाठीवरून तळ्यात पडली, आपलीच आपन हासली, तेबी काढलं. माही नक्कल केली — कंदील धरून, खोकत खोकत — तेबी. तुमी पाह्यला ना तो शिनेमा? त्यात आहे का हे? … टेंभरं बी नाई? … म्हैस? … कापलं. हां. कापलं म्हनता.

अन् वरून सांगता, दुनियाभराच्या शिनेमात हेच चालू आहे — कोन्या देशाचं लढाईत घर पडलेलं लेकरू, कोन्या देशाचं उपाशी, कोन्या देशाचं बर्फात हरवलेलं, अन् आमच्या देशाचं म्हून माही मंगली, माय हुडकत जंगलात फिरनारी. लोकं तिकीट काढून रडते अन् मंग टाळ्या वाजवते. बरं. वाजवू द्या. मी एक विचारतो, अडानी मानूस आहे म्हून विचारतो — येवढ्या दुनियेत हासनारं लेकरू पाह्याले कोनीच येत नाई का?

आठव्या दिवशी साहेबाले रडनं पायजे होतं. पोट्टी रडे ना. साहेबाचा दुभाषी मले म्हने, तिले सांग माय तिले टाकून गेली. आता माय खरंच मोहर्लीच्या बजारले गेल्ती. मी म्हनलं, मंगले, माय बजारले गेली. तर ती खुश. बजारले गेली म्हनजे मुरमुरे येनार. परत सांगतलं, तुले सोडून बजारले गेली — तर म्हने, बाबा, तिले लाल बांगड्या सांगा. ऊन उतरून राह्यलं होतं, साहेब घडी पाहून राह्यला होता, अन् रेंजर साहेब माह्याकडं पाहून राह्यले होते. तिसऱ्यांदा मी मधला शब्द गिळला. माय गेली. बस, येवढंच. तुमी बंबईचे असले तरी मराठी मानूस, तुमाले समजते. जित्या मानसाले आपन नुसतं गेली म्हनत नाई, कुठी गेली ते सांगतो. गावात मी सांगतो का घाईत शब्द सुटला. सुटला नाई जी. माहीत असून गिळला.

दाखवा तो शिनेमातला फोटू, रडतानाचा. … हां, हाच. लोकाले वाटत असन जंगलाकडं पाहून राह्यली, वाघबिघ असन. पेटीच्या बाजूले मी उभा होतो. ती माह्याकडं पाहून राह्यली आहे. संध्याकाळी माय मुरमुरे घेऊन आली तर तिच्याजवळ गेली नाई, माह्याकडंच पाहत राह्यली.

मंग दोन वर्सानं माय खरंच गेली. ताप होता. बैलगाडीत टाकून चांद्याले दवाखान्यात नेत होतो, वाटेतच संपली, इरई नदीच्या काठाले अग्नी देला. रिकामी गाडी घेऊन घरी आलो. मंगली दारात. मी म्हनलं, माय गेली. तिनं काय केलं असन? घरामांगं जाऊन पाह्यलं, गाडीखाली वाकून पाह्यलं — पेटी कुठी आहे म्हने. मंग माह्या तोंडाकडं पाहून म्हने, बजारले ना, बाबा? मी शपथा घेतल्या, जमिनीवर डोस्कं आपटलं. ती हासली. अजूनबी बजाराच्या दिवशी वाटेवरच्या चिंचेखाली जाऊन बसते, दिवस बुडेपर्यंत बसते, मी काईबी सांगतलं तरी —

काऊन असे पाहून राह्यले? बसते म्हनलो का मी?

म्हनलो असन. … खोटं नाई बोललो जी. गेली, ते खरंच आहे. पान्याले गेली. मधला शब्द परत गिळला, आता सवय झाली मले. येईनच तळ्यावरून पान्याची गुंडी घेऊन, अन् तुमाले पाहून पह्यले पेटी धुंडन. मी काय तिले धरून ठेवनार, चिठ्ठी तुमच्या खिशात आहे. नाई म्हनलं तर किल्ली जाईन, हे मांगची खोली जाईन, घेऊन जाऊ कुठी तिले? पन या खेपेले रडवाले काय सांगान? बाप गेला? नाई मानायची. मी सांगतो त्यातलं ती काईच मानत नाई. चुलीतला इस्तो पोळते म्हनलं तरी हात लावून पाह्यते. बोटं पाहा तिचे — नाई, नका पाहू.

तुमी एक करा. साहेबाले कागद लिहा, रेंजर साहेबालेबी तेच सांगा — पोट्टी गेली. खोटं काई नाई त्यात. कुठी, ते फक्त लिहू नका. येवढं एक शब्दाचं काम करा जी माह्यासाठी, तुमी लोकं तर अख्खी म्हैस कापता.

उठा आता. तळ्याची वाट नका धरू, इकडून निघा, बांबूतून, मोटर तिथीच उभी आहे. — काय म्हनले, येतो? नाई जी. निघताना सारेच येतो म्हनते, आपली रीत आहे. तुमी जातो म्हना.