बंद खोलीसाठी ढोल

—न्हाई न्हाई, ती हलगी ठेवा खाली, सायेब. हलगी कडाडती. तुमाला पायजे घुमनारं — काय म्हनला मगाशी? मोठ्यानं बोला जरा, ह्या ज्ञानूला ऐकू कमी येतंय, समद्या कडेगावला म्हाईत हाय — ट्रायबल! व्हय, तेच. रानातनं आल्यावानी, पोटात उतरनारं. मग संबळ बी न्हाई, संबळ लय बडबड्या, त्येला देवीचा गोंधळच बरा. आनि ती फायबरची पिंपं तर बगूच नगा, ती मिरवनुकीच्या पोरांसाठी हायत. त्येंच्यावर दुकान चालतंय म्हनून शिव्या देत न्हाई एवढंच. या हिकडं. ह्यो ढोल बगा. आंब्याचं अखंड खोड, आतनं कोरलेलं, सांदा न्हाई कुठं. आनि ह्या अंगाला म्हाताऱ्या बोकडाचं कातडं — कोवळं घातलं की आवाज वर पळतोय. आवं, बोटं काय मारताय, बोटाला काय कळतंय? तळवा ठेवा, सबंध. आता मी दुसऱ्या अंगानं मारतो… कळलं? कानाच्या आधी हाताला कळलं न्हवं? त्योच खर्ज. अठरा वर्सं पल्टनीच्या ब्यांडात पोटावर मोठा ड्रम बांधून हिंडलोय मी, खर्ज मला कुनी शिकवायला नगं.

सांगलीच्या घरातली, गानी भरायची खोली केवढी हाय तुमची? दहा बाय बारा. मंजी ल्हानच. मोठा ढोल ल्हान खोलीत कोंडतोय, पन भितींना काय लावलंय त्येच्यावर हाय समदं — स्पंज? चारी भितींना? आनि दाराला रबर. बरं केलं. मंजी तुमचा आवाज भाईर जानार न्हाई, शेजारी भांडायला येनार न्हाईत. आनि भाईरचा आत? …न्हाई, आपलं इचारलं. कारभारीन काय करती? ब्यांकेत. दिवसभर, व्हय. मग घरात कोन असतंय? …आई. वॉकर घिऊन चालती. मंजी पाय न्हाईत धड. पडली व्हती का कवा? …औंदा, दिवाळीत. बरं.

थांबा, ह्यो बांधायला सांगू नगा. दुसरा दाखवतो. न्हाई, ह्येच्यात खोट काय न्हाई, खोट कशी असंल? लय ग्वाड वाजतोय, म्हनूनच म्हनतो, दुसरा बगा. आवं तुमी शिकलेली मानसं, एवढं का हट्टाला पेटताय? चार गिऱ्हाइकं आली आजवर, चौघांना दाखवला, येकाला बी दिला न्हाई. घरातनं जावा असं वाटतंय, आनि कुनी उचलला की जीव हुत न्हाई. बसा. सांगतो. तुमची आई हाय म्हनून सांगतो, न्हाईतर सांगितलं नसतं.

आमची शालू. हितं म्होरं दुकान, माजघराच्या पल्याड परस. च्या झाला की तिनं परसातनं हाक मारायची, ‘आवं!’ — आनि मी काय उठून ओ देतोय व्हय? हाताखाली ढोल असायचा, दोन थापा टाकायच्या. धूम, धूम. मंजी आलोच. तीस वर्सं आमचं असंच. गल्लीतली पोरं चिडवायची, ज्ञानूआबा बायकूशी ढोलानं बोलतोय म्हनून. ती बी हसायची. त्या दिवशी ह्योच ढोल म्होरं व्हता, खर्ज नुकता लागला व्हता, हात सुटंना. तिची हाक आली. मी दोन थापा टाकल्या. परत हाक आली. परत टाकल्या. तिसऱ्यांदा आली तवा मला जरा रागच आला, मंग मी जोरात टाकल्या, आनि बसलो वाजवत. घंटाभर. परसात गेलो तर धुन्याच्या दगडापाशी पडली व्हती. डोकं फुटलं व्हतं. दवाखान्यात डाक्टर म्हनला, अर्धा तास आदी आनायला पायजे व्हतं. पोरीला, आमच्या मंगलला, मी सांगितलं — ऐकू आलं न्हाई. पावन्यांना सांगितलं, गावाला सांगितलं. तवापासनं मी भैरा. तुमाला बी मोठ्यानं बोलायला लावलं मगाशी. कान शाबूत हायत माझं, सायेब. मांजर चाललेलं कळतंय मला.

येकटी अंबूबाई हाय, भिंतीपल्याडची, तिला ठावं हाय. तेराव्याला आली, कोन न्हाई बगून म्हनली, ‘भाऊजी, शालूच्या हाका मी बी ऐकल्या. निघाले व्हते मी. पन तुमी ढोलावर ओ दिली, मंग म्हनलं हायत की घरात, आपन कशाला जायाचं.’ झालं. एवढं बोलली, परत कवा इषय काडला न्हाई. तिला बी सोसत नसंल. मी हुतोच की घरात, सायेब. आनि शालूनं बी ऐकलंच असनार न्हवं? तीन डाव आलोच म्हनून सांगितलं मी तिला. वाट बगत पडली असंल ती. दुसऱ्या कुनाला हाक कशाला मारंल? मी येनार हुतो न्हवं.

न्हाई, रडत न्हाई मी. सत्तरी झाली माझी. तुमी रबर काडतो म्हनताय, आज काडशीला, उद्या शेजारी बोलले की परत लावशीला. जाऊ द्या. आत्ता कोन हाय आईपाशी? कोन न्हाई? लावा फोन. लावा की, माझ्या म्होरं लावा, बगू द्या मला… वाजतोय… वाजू द्या… झोपली असंल, व्हय, दुपारचं झोपत्यात म्हातारी मानसं. परत लावा… न्हाई उचलत? शेजारी कोन हाय? मग त्येला लाव! आनि बसलायस काय असा? सांगली तासाची वाट हाय. ढोल ऱ्हाऊ दे रं तितंच, पैसं बी ऱ्हाऊ दे, चप्पल घाल — जा रं पोरा, पळ. जा!