चेअरमन काकांनी सोडलेला दोर

चूक चेअरमन काकांचीच होती, वय कितीही असू द्या. लातुरात त्यांच्या सोसायटीच्या उंच बिल्डिंगच्या बाहेरच्या भेगा मी दोरावर लटकून भरत होतो. आमच्या कामात दोन दोर असतात. एकावर माणूस लटकतो, दुसरा ढिला असतो. पहिला तुटला तर तो धरतो.

आठव्या मजल्यावर असताना तो ढिला दोर वरून कुणीतरी ओढायला लागलं. पाहिलं तर गच्चीच्या कठड्याशी काका.

"ए पोरा, ही दोरी सोड की. दसऱ्याचं धुणं काढलंय, गोधड्या वाळू घालायच्यात."

"काका, तुम्ही गाठ सोडली?"

"नुसतीच लोंबून राहिली होती. तू तर दुसरीवर हायस."

"ती माझ्या जिवासाठी हाय. आधी बांधा."

"गोधड्या होऊ दे, मग बांधतो."

एकाच दोरावर खाली आलो आणि काका खाली येताच सगळ्यांसमोर त्यांची अक्कल काढली. मी कसा उतरलो, हे कुणी विचारलं नाही. काय बोललो, तेवढंच धरलं. ठेकेदार म्हणाला, "कॉलेज सोडलंस, आता लाजपण सोडलीस का? माफी माग."

मी मागितली नाही. माझं काम गेलं.