रफू केलेली चादर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या हॉटेलचे मॅनेजरसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या मोठ्या ऑफिसच्या पाहुण्या मॅडम. आमच्या धुलाईखात्याच्या मुकादम, ज्यांना आम्ही सगळ्या मावशी म्हणतो. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या स्पॅनिशच्या बाई. आणि समोर बसलेल्या धुलाईतल्या, स्वयंपाकघरातल्या, खोल्या झाडणाऱ्या माझ्या बहिणी आणि भावांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला भाषण येत नाही. चौथीतच शाळा सुटली. मावशी म्हणाली, तूच बोल, बाईंनी मार तुझ्यासाठी खाल्लाय. म्हणून उभी राहिले. माझी पोरगी मावशीच्या मांडीवर आहे, मध्येच रडली तर सांभाळून घ्या.

पाहुण्या मॅडमना माहीत नसेल म्हणून सांगते. आपल्याकडे स्पॅनिश बोलणारे पाहुणे वाढले, तेव्हा साहेबांनी ठरवलं की जी बाई चार वाक्यं शिकेल तिला तळघरातल्या धुलाईतून वर पाहुण्यांच्या कामाला घेऊ. पाळी सुटली की इस्त्रीच्या खोलीत वर्ग भरायचा. बाई लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने लिहायच्या. वाफेने अक्षरं घळघळ खाली यायची. त्या परत लिहायच्या.

बाईंची एक रीत होती. धडा नंतर. आधी प्रत्येकीने आज चांगलं काय नि वाईट काय ते सांगायचं. स्पॅनिशमध्ये ते सांगणं सोपं आहे. 'बुएनो' म्हणजे चांगला. त्याच्या पुढे नुसतं 'लो' लावलं की झालं, लो बुएनो, जे चांगलं आहे ते. लो मालो, जे वाईट आहे ते. लो दिफिसिल, जे अवघड आहे ते. बाई म्हणायच्या, कोण चांगलं, कोण वाईट ते मला नको. काय चांगलं, काय वाईट तेवढं सांगा. यात माणसाचं नाव लागत नाही, बाई नाही, पुरुष नाही. आपलं मत मात्र पुरतं सांगून होतं.

मावशीने पहिल्याच दिवशी सांगितलं, लो बुएनो, मॅनेजरसाहेब रजेवर आहेत. साहेब, हसलात, बरं वाटलं. बाईंनी तिला समजावलं की यात साहेब आले, साहेब काढा. मग मावशीने वाक्य बदललं. लो बुएनो, शांतता.

माझी पाळी आली की मला घाम फुटायचा. घरातलं बाहेर सांगायचं नाही हे मला चांगलं पाठ होतं. माझा नवरा कुलपं बसवतो. पूर्वी मी आमचे हे म्हणायचे, आता तो म्हणते. कुठलंही कुलूप दोन हातांत घेतो आणि उघडतो. आमच्या दाराला त्याने बाहेरून कुलूप घातलं होतं. कामाला सोडायचा, आले की बंद करायचा. तर त्या दिवशी मला कोणाचं नाव घ्यायचं नव्हतं, आणि घ्यावं लागलंच नाही. मी म्हटलं, बाई, दाराला काय म्हणतात? पुएर्ता, त्या म्हणाल्या. मग मी म्हटलं, लो मालो, ला पुएर्ता. वाईट काय, तर दार. सगळ्या हसल्या. मीही हसले.

बाकीच्या बाया शब्द विचारायच्या साबणाचा, टॉवेलचा, गरम पाण्याचा. मी पट्ट्याचा विचारला. पुढच्या वेळी जिन्याचा. मग एकदा दाताचा विचारला, तेव्हा ओठ सुजला होता आणि मला नीट बोलता येत नव्हतं. त्याने माझं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं होतं, कारण भात गार होता. पुढचा दात चौकटीतच राहिला. हा बघा, इथला. मी वर्गात म्हटलं, लो मालो, एल दिएन्ते. या वेळी कोणी हसलं नाही.

बाईंनी धडा पुरा केला. सगळ्या गेल्यावर माझ्याजवळ येऊन चादरींच्या घड्या घालायला लागल्या. घडी घालता घालता म्हणाल्या, आज एक नवा शब्द देते. लो पेओर. सगळ्यांत वाईट ते. तुझं काय?

मी म्हटलं, काल त्याने पोरीला उचलून खिडकीबाहेर धरलं.

बाईंच्या हातातली घडी तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "आणखी एक शिक. लो प्रिमेरो. आधीचं ते. बाकी सगळं नंतर."

मी म्हटलं, "लो प्रिमेरो, पोरगी."

दुसऱ्या दिवशी मी पोरीला घेऊन कामाला आले आणि घरी गेलेच नाही. बाईंच्या एकाच खोलीच्या घरात राहिलो आम्ही तिघी. बाईंनी सुताराकडून दाराला आतून जाड लाकडी दांडा बसवून घेतला. त्याला किल्लीचं भोकच नाही. आता सांगा, कुलूपवाला तरी काय करणार?

पण वर्गाला तर जावंच लागायचं. तो तिथे आला.

पुढचं सांगू का नको असं मी मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली, सांग, निरोप द्यायचा तर खरा दे.

आम्ही चांगलं-वाईट सांगत होतो. तो आत आला, दार लावलं, आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. हातात त्याची लहान पहार होती, दारं उचकटायची. माझे केस धरून त्याने मला इस्त्रीच्या टेबलावर पाडलं. पोरगी टेबलाखाली कपड्यांच्या टोपलीत होती. त्याने ते पाहिलं आणि खाली वाकला. बाई मध्ये आल्या. एवढासा जीव बाईंचा, तुम्ही बघताच आहात. त्यांनी हात आडवा धरला. त्याने पहार घातली. मनगट मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. बाई खाली बसल्या, पण टोपली सोडली नाही. त्याने परत मारलं, खांद्यावर.

साहेब, राग मानू नका, पण आपलं पिळायचं मशीन सारखं बंद पडतं. त्या दिवशीही बंद होतं. डबल बेडच्या ओल्या चादरी टबात पडल्या होत्या. त्या आम्ही हातानेच पिळतो, दोघी एका टोकाला, दोघी दुसऱ्या टोकाला, उलटसुलट पीळ देत. मावशीने एक चादर उचलली आणि त्याच्या डोक्यावरून टाकली. रोजच्यासारख्या आम्ही टोकं धरली आणि पीळ दिला. त्याने आतून पहार घातली, चादर फाटली, मावशीच्या कपाळाला लागलं, रक्त डोळ्यात गेलं, तरी तिने टोक सोडलं नाही. तो पडला. आम्ही पिळत राहिलो. त्याच्या गळ्यातून पाणी ओतल्यासारखा आवाज येत होता. मावशी म्हणाली, सोड आता, पोरी. मी सोडलं नाही. बाई खालून म्हणाल्या, "लो प्रिमेरो." तेव्हा पोरीचं रडणं माझ्या कानांवर आलं. तोवर आलंच नव्हतं. मग सोडलं.

मावशीने त्याच्या खिशातून किल्ली काढली. पुढे पोलीस आले.

बाईंच्या हातात आता खडू धरवत नाही. म्हणून त्या चालल्या, बहिणीकडे. साहेबांनी मला वर घेतलं, त्यांचे आभार. मी पाहुण्यांना टॉवेल देते आणि दात दिसू नये म्हणून तोंड मिटून हसते.

बाई, तुमच्या रीतीने शेवट करते. लो मालो, तो जामिनावर सुटलाय. आज मी इथे येताना समोरच्या फुटपाथवर उभा होता, आणि मला वाटतं अजून असेल. मला भीती वाटते. लो दिफिसिल, तुमच्याशिवाय त्या खोलीत दांडा लावून झोपायचं. लो बुएनो, आज मावशी तिचं अंथरूण घेऊन माझ्याकडे येतेय, आणि पुढे सगळ्यांनी पाळ्या लावून घेतल्यात. लो प्रिमेरो तुम्हाला माहीत आहे. ती मांडीवर झोपलीय.

आमच्या खात्यातर्फे बाईंना भेट द्यायची आहे. टेबलावरच्या त्या पुड्यात तीच चादर आहे. फाटलं होतं तिथे आम्ही सगळ्यांनी मिळून रफू केलंय. साहेब, हॉटेलची आहे, पण आता पाहुण्यांना घालण्यासारखी नव्हती.

अध्यक्षांनी वेळ दिला, सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि बाई, भेट ओली आहे, त्याचीही माफी असावी. तो बाहेर दिसल्यावर मावशीने आत्ताच भिजवून आणली. गेटपर्यंत ती आम्ही चौघी धरतो. तुम्ही रिक्षात बसलात की तुमची तुम्हाला परत देऊ.