फोनवर निवडलेला सायलेन्सर

त्या कुलकर्ण्याचं नाव काढू नका, चहा कडू लागतो. बँकेतला साहेब. मसल कार घेतली, तिला दणदणीत आवाजाचा सायलेन्सर हवा. पण नईम भागातल्या माझ्या गॅरेजवर येणार नाही, तिकडे सीफ भागातल्या ऑफिसात बसून व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकणार.

पहिला बसवून रेस दिली. "राणे, आवाजच नाही." दुसरा बसवला. "नाहीच." म्हटलं, साहेब, फोन इंजिनाचा आवाज दाबतो, इथे येऊन ऐका.

"मला फोन शिकवू नकोस. सगळ्यात मोठा लाव, खलास."

हात भाजून घेत लावला. साहेबाच्या ड्रायव्हरने गाडी त्याच्या बिल्डिंगखाली सोडली. साहेबाने चालू केली आणि गाडीतूनच मला फोन. "अरे, सगळे शेजारी अंगावर आलेत. ऐक हा आवाज, ऐक."

मी शांतपणे म्हटलं, "साहेब, आवाजच नाही."