क्रेनवरचं पाणी

नणंद : पेला पूर्ण संपव, वहिनी. घोटभर पिऊन खाली काय ठेवतेस?

वहिनी : तुझ्या डॉक्टरने काल पाण्याचा धोशा लावला, आता तू लाव.

नणंद : फायबरच्या पावडरचा गोळा बसला होता तुझ्या घशात. नळी घालून काढला त्याने. धोशा नाही लावणार तर कौतुक करणार?

वहिनी : निघाला ना? मग परवा मी क्रेन चालवायला वर चढणार.

नणंद : पुन्हा कोरडी पावडर तोंडात टाकून?

वहिनी : कोरडी नाही, वर घोटभर पाणी घेतलं होतं. आणि डबा तुमच्याच औषधाच्या दुकानातला आहे, चिमणे. विकताना तोंड शिवलं होतं का तुमचं?

नणंद : मी रजेवर होते, आणि डब्यावर ठळक छापलंय, मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून घ्या. ती पाण्यात फुगते, म्हणून तर पोट भरल्यासारखं वाटतं. पाणी कमी पडलं की वाटेतच फुगून बसते.

वहिनी : भूक मात्र मारली तिने. साखरही जरा उतरली. एवढ्या दिवसांत माझ्या बाजूने तो डबाच काय तो उभा राहिला.

नणंद : डब्याला नावं नाही ठेवत मी. नीट घेतला तर कामाचा आहे, पण जादू नाही ती. किती उतरलं वजन?

वहिनी : तीन किलो. अजून दोन जायला हवेत. शंभरच्या वर असेल त्याने शिडी चढायची नाही, असा नियम काढलाय. सोमवारी काटा. जास्त भरले तर केबिन गेली, आणि मी खाली गोदामात पोती मोजत बसायचं.

नणंद : थायरॉइडची गोळी कधी घेतेस?

वहिनी : पावडरबरोबरच. एका घोटात दोन्ही. तेवढंच पाणी वाचतं.

नणंद : धन्य आहेस. अगं, ती पावडर गोळीला अंगी लागू देत नाही. गोळी पहाटे, पावडर चार तासांनी. वजन अडलंय त्यात याचाही हात असेल. आणि पाणी वाचतं म्हणजे काय? वर वाळवंट आहे?

वहिनी : वर मोरी नाही. पाणी प्यायलं की सगळी शिडी उतरायची. क्रेन बंद, खाली ट्रकांची रांग. पुरुष बाटलीत उरकतात. नवीन होते तेव्हा एकाच दिवशी दोनदा उतरले, तर मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, बाईमाणूस वर पाठवलं की हे असंच. त्यानंतर शिफ्ट संपल्याशिवाय एकदाही उतरले नाही मी.

नणंद : त्याच्या एका वाक्यासाठी इतकी वर्षं घसा वाळवलास? आणि मी जगाला सांगत फिरते, आमची वहिनी कुणाच्या बापाला भीत नाही.

वहिनी : भीत नव्हते. जिंकत होते.

नणंद : दिसलं. नळी घालून.

(मुकादम दारात येतो. हातात फळांची पिशवी, पुढे सुटलेलं पोट.)

मुकादम : कसं आहे, बाई? पडून राहा. साहेबांशी बोलून आलो. म्हणाले, त्यांना कशाला आता वर चढायचा त्रास? गोदामात जागा आहे. सावली, पाणी, मोरी, सगळं हाताशी.

वहिनी : परवा येते मी, मुकादम. दोन बाटल्या पाणी घेऊन चढणार, आणि लागेल तितक्यांदा उतरणार.

मुकादम : अहो, क्रेन थांबेल.

वहिनी : थांबू दे.

मुकादम : ट्रक खोळंबतील. माणसं बोलतील.

वहिनी : पहिल्यांदा तुम्ही बोललात. या वेळीही तुम्हीच बोला. सांगा, मोरीला गेल्यात, येतील.

मुकादम : आणि सोमवारी काट्यावर जास्त भरलात तर?

वहिनी : जास्त लिहा. पण नियमात बाई म्हटलंय की माणूस?

मुकादम : माणूस.

वहिनी : मग तपासणीला तुम्हीही चढता ती शिडी. माझ्यानंतर काट्यावर तुम्ही. मी बाजूला उभी राहून बघेन.

मुकादम : माझं काय आता या वयात... बरं, तुम्ही वजनासाठी घेता तो डबा कसला?

वहिनी : फायबरचा. भरपूर पाण्यातून घ्यायचा, नाहीतर घशात बसतो. चिमणे, मुकादमांना पाणी दे. आणि माझा पेला भर, काठोकाठ.