पडताळणी शेवटच्या सत्रात

वडील: ...आणि कॉलेजच्या फॉर्मात हा बातमीच्या पडताळणीचा विषय उचल आणि टाक शेवटच्या सत्रात. पहिल्या सत्रात जनसंपर्क घे.

मुलगी: म्हणजे आधी पाय चाटायला शिकायचं, मग स्वतःच्या पायांवर उभं राहायचं.

वडील: जिभेला हाड नाही कार्टीच्या. अगं, उभा जन्म पेपरात घासलाय मी. मुख्य वार्ताहर उगाच नाही झालो. तुमच्या त्या विभागप्रमुख बाईंना पेपरातली एक साधी चौकटीची बातमी लिहायला लाव, घाम फुटेल.

मुलगी: त्याच म्हणाल्या, पडताळणी पहिल्याच सत्रात घ्या. एकदा स्वतःचं नाव छापून आल्याची चटक लागली की तपासायचा कंटाळा येतो.

वडील: त्यांना काय जातंय म्हणायला. बातमी येवो न येवो, पगार येतोच. पत्रकारितेचं कॉलेज म्हणजे कोरड्या विहिरीत पोहण्याचा क्लास.

मुलगी: मग मला कशाला ढकलताय त्या विहिरीत?

वडील: कारण हल्ली पदवी नसली की संपादक दारात उभं करत नाही. पदवी घे, शहाणपण तिथंच ठेवून ये. आधी जनसंपर्क, मग जाहिरात, मग मथळे, मांडणी. कायदा त्यानंतर. पडताळणी सगळ्यात शेवटी. बातमी लिहिता तर आली पाहिजे आधी, मग तपासशील.

मुलगी: भात वाढून झाल्यावर खडे वेचायचे.

आई: ज्याचा दात पडेल तो बघून घेईल.

वडील: तू कपड्यांच्या घड्या घाल. हा आमच्या धंद्यातला विषय आहे.

आई: घालतेच आहे. तुमच्या शर्टांच्या कॉलरी आतून पार विरल्यात. वरून कळत नाही.

मुलगी: बाबा, तुम्ही निवृत्त कधी होताय?

वडील: ते काय मध्येच?

मुलगी: माझं शेवटचं सत्र त्यानंतर येतं, म्हणून विचारलं. पडताळणीच्या वर्गात काय करायला लावतात, माहीत आहे ना तुम्हाला? इथल्या पेपरात आलेली एखादी जुनी बातमी घ्यायची, त्या जागी जायचं, माणसांना भेटायचं आणि खरं काय घडलं ते लिहायचं. विभागाच्या पाक्षिकात छापतात. एक अंक थेट त्या पेपरच्या संपादकाकडे जातो.

वडील: माहीत आहे. गेल्या वर्षी आमच्या क्रीडा वार्ताहराची दोन पोरींनी अशीच इज्जत काढली. सामना मैदान ओलं म्हणून रद्द, आणि ह्या गाढवानं शेवटच्या चेंडूपर्यंत रंगवलेला. आठवडाभर हसत होतो आम्ही.

आई: तुम्हीसुद्धा?

वडील: का, हसू नये?

आई: हसा की. मला आपले टेकडीवरचे नळ आठवले.



मुलगी: कुठले नळ?

वडील: काही नाही गं. जुनं आहे.

आई: तुझ्या मावशीच्या वस्तीतले. पाणी योजनेचं उद्घाटन दुपारी होतं. ह्यांनी सकाळीच ह्या टेबलावर बसून बातमी हातावेगळी केली. शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचलं, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू. मला विचारतात, पाणी ‘खळाळलं’ लिहू की ‘झुळझुळलं’. मी म्हटलं, आधी येऊ तर द्या.

वडील: सगळेच लिहितात तसं. निमंत्रणपत्रिका आली की निम्मी बातमी तयारच असते. जाऊन तरी वेगळं काय दिसतं? हार, भाषण, टाळ्या.

मुलगी: आणि पाणी?

आई: पंप सुरूच झाला नाही. पाहुणे हार घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, ह्यांच्या नावानिशी, पाणी खळाळलं. अजून तिथंच खळाळतंय. वस्तीतल्या बायका तक्रार घेऊन गेल्या, तर पाणीपुरवठ्याचा साहेब म्हणाला, पोचलं म्हणून पेपरात आलंय की. आणि माझ्या बहिणीला म्हणाला, तुमच्याच घरच्या माणसानं लिहिलंय, त्यांना विचारा.

वडील: खुलासा देणारच होतो मी. संपादक म्हणाले, राहू दे, आज ना उद्या पाणी येईलच, मग बातमी आपोआप खरी होईल.

मुलगी: म्हणून मावशी आपल्याकडे येत नाही. तुम्ही सांगितलं होतं, गुडघे दुखतात तिचे.

आई: खोटं नाही ते. भरल्या बादल्या घेऊन रोज टेकडी चढायची म्हटलं की आधी गुडघेच जातात.

वडील: हे बघ बाळा, पत्रकार संघटना माझा निरोपाचा सत्कार करणार आहे. तेवढा होऊ दे. शेवटच्या सत्रात खुशाल माझीच बातमी घे. तेव्हा मी घरात बसलेला असेन, कुत्रं विचारणार नाही.

मुलगी: तुमच्या गळ्यात हार पडेपर्यंत मावशीनं पाणी वाहायचं.

वडील: बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडून पहिला नंबर काढणार तू?

मुलगी: नंबर कशाला? पास झाले तरी खूप. पडताळणीत नापास होऊन मुख्य वार्ताहर व्हायला तुमच्याएवढी हुशारी लागते.

वडील: ऐकतेस ना? सांग हिला काहीतरी.

मुलगी: पडताळणी, पहिलं सत्र. दिलं नोंदवून.

वडील: अगं, मी तुझ्याशी बोलतोय. सांग ना हिला.

आई: सांगते. हे बघ, मावशी तुला चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. पाणी घरून भरून ने.