काचेतली खाडी

हेमा : नाही बाबा, हा तुकडा नाही तडकला. बोट फिरवून बघ.

दामाजी : हा, गुळगुळीत हाय. मागच्या येळला नुसता भुगाच आणलेलास.

हेमा : घाई केलेली ना. शनिवारी फॅक्टरीतल्या रंगवलेल्या पाट्या भाजून झाल्यावर भट्टी मिळाली, आणि गरम असतानाच दार उघडलं. काच एकदम गार झाली की फुटते. ह्या वेळी सोमवारपर्यंत हातच नाही लावला.

दामाजी : आन् तुमचा फोरमन? त्यो काळुराम? फॅक्टरीची भट्टी तुला खेळायला दिली त्यानं?

हेमा : काळुरामदादा बोलले, तापलेलीच आहे, कर काय करायचंय ते. खिडकीच्या दोन काचा घेतल्या, मध्ये पाट्यांच्या रंगाची पावडर भुरभुरवली. आत वितळून सगळं एकजीव होतं.

दामाजी : डोंबिवलीला नावाच्या पाट्या रंगवायला जातेस. ह्ये कुठनं शिकलीस?

हेमा : फोडून फोडून शिकले. आता दाराकडे तोंड कर. उन्हात धरते. बघ, तुझ्या बंडीवर रंगीत ऊन पडलंय. दिसतंय?

दामाजी : थांब गो. नळीतनं बघितल्यासारखं दिसतं मना, मान फिरवायला लागते... हा. हिरवं. हिरवं हाय ना?

हेमा : हो! आपली खाडी आहे ती.

दामाजी : ही खाडी नाय.

हेमा : अरे, रोज बघते मी!

दामाजी : तू बघतेस ती कारखान्यांनंतरची. त्याच्या आधी पाऊस सरला, गाळ बसला, का पानी भिजल्या मुगासारखं हिरवं व्हायचं. आपल्या कोपरीतली पोरं त्याच्यात उड्या टाकायची. आन् ओहोटी लागली का त्या हिरव्यात एक पिवळं दिसायचं.

हेमा : पिवळं काय?

दामाजी : तुजी आय. पिवळं लुगडं वर खोचून चिखलातले खुबे-शिंपले वेचायची. मी होडी घेऊन परतायचो, तवा पयलं जनीचं लुगडं दिसायचं, मग गाव.

हेमा : हे कधी सांगितलं नाहीस.

दामाजी : तू कधी खाडी बनवली नव्हतीस.

हेमा : पण पिवळा टिकत नाही रे. भट्टीत जळतो, तपकिरी होतो.

दामाजी : मग ऱ्हाऊ दे.

हेमा : राहू दे कसं? डॉक्टर काय बोलले, ऐकलंस ना? काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आहे तोवर दाखवायचीय मला तुला.

दामाजी : काचबिंदू! बापाचं दुखणं काचेचं, पोरीचा नाद पन काचेचा.

(कोपरी, १९८९. काही महिन्यांनंतर, दिवाळी होऊन गेलेली. तेच दार, सकाळचं ऊन.)

हेमा : बाबा, पिवळा राहिला! आधी नुसती खाडी भाजून घेतली, मग वर पिवळा घालून मंद आचेवर परत. किती वेळा जळला माहितीय? काळुरामदादा शेवटी स्वतः भट्टीपाशी बसले. बघ ना, तुझ्या छातीवर आलीय आई.

दामाजी : कुठं?

हेमा : मान फिरव. डावीकडे. अजून जरा.

दामाजी : हंम्.

हेमा : दिसली?

दामाजी : उजेड कळतोय, पोरी. रंग नाय कळत.

हेमा : परत बघ. मी काच जवळ आणते. आता?

दामाजी : नको. हात दुखतील तुजे... रडतेस काय गो?

हेमा : उशीर केला मी.

दामाजी : कसला उशीर? मी ती खाडी बघितलीय. तुज्या आयला बघितलीय. डोळं असले काय, नसले काय, दोघी हायेत माज्याकडं. ती काविळीनं गेली तवा तू रांगत होतीस. तू कुठं बघितलीस? आता तू बघ. नीट बघ आन् मना सांग.

हेमा : वाकलीय. पाठमोरी आहे. मी काच हलवली की लुगडं हलतं.

दामाजी : एकलीच हाय?

हेमा : एकटीच.

दामाजी : पानी कुठवर आलंय तिला?

हेमा : गुडघ्यापर्यंत.

दामाजी : मग भरती लागली. हाक मार तिला.